चौथं चिनी पुस्तक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. पांढऱ्या साडीतल्या बाईला इतक्या वर्षांत कुणी दुसऱ्या रंगाची साडी का दिली नाही, हा माझा जुना प्रश्न. आमच्या घरात भुतांना प्रवेश नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव, अंगारे, अंगात येणं हे सगळं एकाच खेपेत बाहेर गेलं, ते पुन्हा आत आलं नाही. पुढे मी ग्रंथपाल झाले. म्हणजे जिची नोंद नाही ती गोष्टच नाही, असं मानणाऱ्या जमातीत गेले.

तरीही हे लिहिते आहे... कारण या गोष्टीची नोंद माझ्याकडे आहे. मोबाइलमध्ये, वेळेसकट.

मी बसवकल्याणला, एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात काम करते. संस्थेचं नाव सांगत नाही. संस्थापकांना गावात सगळे ‘मालक’ म्हणत. ते वारले, आता त्यांचे चिरंजीव अध्यक्ष आहेत. त्यांचं वय पासष्ट, तरी ते ‘छोटे मालक’. संस्थेच्या लेटरहेडवर अकरा नावं आहेत आणि प्रत्येक नावाखाली इतक्या पदव्या आहेत की पत्र लिहायला कागदाचा खालचा अर्धाच भाग उरतो. वाचनालयात शिरल्यावर समोर मोठ्या मालकांची सोनेरी चौकटीतली तसबीर आहे. पुस्तकं त्यानंतर दिसतात.

आमच्याकडे एका कपाटात तीन चिनी पुस्तकं आहेत. निजामाच्या काळात जवळच्या एका जहागीरदाराला कसली कसली हौस होती. जहागिरी गेल्यावर त्याच्या देवडीतली, म्हणजे वाड्यातली, पुस्तकं संस्थेला मिळाली, त्यात ही आली. पातळ, मऊ कागद, दोऱ्याने शिवलेली, पानोपानी चित्रं. काय आहेत ते कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यांच्या आदराला पात्र होती.

पुस्तकं तीन, पण रजिस्टरमध्ये मात्र चार आहेत. चार ओळी, चार लागोपाठचे क्रमांक.

चौथं पुस्तक माझ्या वडिलांनी चोरलं, असं गावात मानलं जात होतं.

अप्पा त्याच वाचनालयात शिपाई होते. झाडणं, पुस्तकं लावणं, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी करणं. बांधणीच्या कटरखाली एकदा उजवा अंगठा आला आणि नख मधोमध चिरलं. ते पुन्हा कधी जुळलं नाही. एका अंगठ्यावर दोन नखं असल्यासारखी दिसायची. मी सातवीत असताना पुस्तकांची मोजणी झाली, चौथं चिनी पुस्तक सापडेना. कपाटाची किल्ली अप्पांकडे असायची. मोठ्या मालकांनी पोलीस बोलावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा पुढे बरीच वर्षं सांगितला गेला. ‘पुस्तक माझ्या हातून गहाळ झाले’ असं लिहून घेतलं आणि खाली अप्पांचा अंगठा घेतला. अप्पांना सही येत होती. तरी अंगठा घेतला.

त्यानंतर अप्पा बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर राखणदार म्हणून राहिले. आठवड्याला एकदा एसटीने घरी यायचे. चोरीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. मी शिकले, डिग्री घेतली, आणि ग्रंथपालाची जागा निघाली ती नेमकी त्याच संस्थेत. मी अर्ज केला. गावात लोक म्हणाले, ‘चोराच्या पोरीला किल्ली दिली.’ मी ते ऐकलं, आणि पहिल्याच दिवशी ते रजिस्टर उघडून बघितलं.

एक कबुली इथंच देते. मी अप्पांची बाजू घेऊन ते रजिस्टर उघडलं नव्हतं. खरंच घेतलं होतं का, हे मला बघायचं होतं.

चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘चिनी पुस्तक, निळे कापड’. पानांच्या रकान्यात एक आडवी रेघ. कारकुनाचा आळस, असं समजून मी रजिस्टर मिटलं. बावीस वर्षं मिटलेलं ठेवलं.

आता अलीकडची गोष्ट. गेल्या वर्षी छोट्या मालकांच्या मोबाइलवर कुठूनसा मजकूर आला की अशी जुनी चिनी पुस्तकं जगात फार दुर्मिळ असतात. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात हजर.

“म्याडम, हे आपले चिनी ग्रंथ बुद्धाचेच असणार बघा. आपल्या कल्याणला बुद्ध आले होते का?”

“आले असतील तर सभासद झाले नाहीत,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. “प्रकाशन सोहळा करू. मंत्र्यांना बोलवायलाव. बोर्ड लिहायला टाकलाय... ‘विश्वातील दुर्मिळ प्राचीन बौद्ध ग्रंथ’. तुम्ही फक्त ते काय हायत तेवढं शोधा.”

म्हणजे बोर्ड आधी, शोध मागून. आमच्याकडे हाच क्रम आहे.

काम मात्र मला आवडलं. चिनी येत नसलं तरी आता अडत नाही. पानाचा फोटो दिला की उभी चिनी अक्षरं वाचून त्यांचा मोडकातोडका अर्थ सांगणारी ॲप्स आहेत. आणि चित्रावरून चित्र शोधता येतं. आपल्या पानाचा फोटो टाकायचा, परदेशातल्या ग्रंथालयांनी इंटरनेटवर ठेवलेल्या हजारो पानांतून त्याच्यासारखं पान समोर येतं. ही पुस्तकं लाकडाच्या कोरीव ठोकळ्यांवरून छापायचे. ठोकळा जुना झाला की त्याला चीर पडते, मग त्या ठोकळ्यावरून निघालेल्या प्रत्येक पानावर त्याच जागी पांढरी रेघ उमटते. दोन फोटो एकमेकांवर ठेवले आणि चिरा जुळल्या, की दोन्ही पुस्तकं एकाच ठोकळ्याची. साधं आहे, आणि खोटं बोलायला जागा नाही.

एका मंगळवारी सकाळी मी कामाला बसले. वाचनालयाला त्या दिवशी सुट्टी असते. बाहेर फाटकाशी शिपाई रऊफभाई, आत मी एकटी. मोबाइल स्टँडवर उलटा टांगला, खिडकीजवळ टेबल घेतलं. पान सपाट राहावं म्हणून दोन पारदर्शक पट्ट्या ठेवायच्या, हात बाजूला घ्यायचे, मग कॅमेऱ्याच्या टायमरवर फोटो. चिनी पुस्तक उजवीकडून सुरू होतं हे मला तिसऱ्या पानावर कळलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एकूण शहाण्णव फोटो. प्रत्येक फोटोला वहीत एक रेघ मारली.

मधेमधे ॲप सूचना देत होतं, ‘पानावर बोट आढळले. काढून टाकू का?’

स्कॅन करताना लोकांची बोटं फोटोत येतात, म्हणून ही सोय असते. बोट पुसून तिथं पान भरून देतात. मला वाटलं, पट्टीच्या सावलीला ते बोट समजत असेल. मी ‘हो’ दाबत गेले. अकरा वेळा. अकराही वेळा न बघता.

दुपारी डबा खाऊन शोध लावला. पहिल्याच पानाला उत्तर आलं. परदेशातल्या एका ग्रंथालयात तेच पुस्तक, तोच ठोकळा, डाव्या कोपऱ्यात तीच तिरकी चीर. आणि पुस्तक कशाचं? रेशमाचे किडे कसे पाळावेत, त्याची सचित्र माहिती. छोटे मालक ज्याला बुद्ध म्हणत होते तो चित्रातला गृहस्थ किड्यांना तुतीचा पाला घालत होता.

मी एकटीच मोठ्यानं हसले. आणि मग त्या ग्रंथालयाची नोंद खालपर्यंत वाचली.

‘संपूर्ण. तीन भाग, एका निळ्या कापडी वेष्टनात.’

सोबत वेष्टनाचा फोटो होता. पुठ्ठ्यावर निळं कापड चढवलेलं, घड्यांचं, पुस्तकांभोवती गुंडाळून हाडाच्या खुंट्यांनी बंद करायचं. बंद असताना दिसायला हुबेहूब जाड पुस्तक.

मी रजिस्टर काढून चौथी ओळ पुन्हा वाचली. आमच्या जुन्या कारकुनानं, ज्याला पुठ्ठ्याची बाजू आहे ते पुस्तक, या हिशेबानं वेष्टनालाही क्रमांक दिला होता. चौथं पुस्तक, निळं कापड, पानं नाहीत. पानं असणारच कुठून?

पण हा झाला तर्क. आमच्याकडे वेष्टन नव्हतंच. तीन पुस्तकं मी पाहिल्यापासून लाल बासनात बांधलेली. वेष्टन दाखवता आलं नसतं, तर लोक म्हणाले असते, पोरीनं बापासाठी गोष्ट रचली.

फोटो संगणकावर घेताना मी मोजले. सत्त्याण्णव.

वहीतल्या रेघा दोनदा मोजल्या. शहाण्णव. मग शेवटचा फोटो उघडला. वेळ अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. त्या फोटोत पुस्तक नव्हतं. निळ्या कापडाची कडा, आतून पिवळट अस्तर, अस्तरावर आमच्या संस्थेची क्रमांकाची चिठ्ठी. चौथा क्रमांक. चिठ्ठीचा वरचा कोपरा फाटलेला, खाली पाण्याचा डाग. फोटोच्या कडेला सोनेरी रंगाच्या लाकडी पट्टीचा तुकडा आणि एक गंजका खिळा.

आणि अस्तर दाबून धरलेला अंगठा. नख मधोमध चिरलेलं.

या फोटोवर ॲपनं काही विचारलं नव्हतं.

मी मागे जाऊन आधीचे फोटो बघितले. ज्या अकरा पानांवरची बोटं मी पुसून टाकली होती त्यांचे मूळ फोटो ॲपनं ठेवले नव्हते. तिथं आता स्वच्छ पान आहे. इतकं स्वच्छ की बघवत नाही.

मग उठले. भीती वाटत होती, पण डोकं चालत होतं. सोनेरी पट्टी. अख्ख्या वाचनालयात सोनेरी चौकट एकच.

रऊफभाईंना आत बोलावलं आणि तसबीर उतरवायला सांगितली.

“बडे मालिक कू उतारना बोल रे क्या?” ते स्टुलाकडेही जाईनात. “छोटे मालिक कू पूछे?”

“नाही.”

“नौकरी जातीच म्याडम.”

“माझी जाईल. तुम्ही स्टूल धरा, मी चढते.”

“नक्को नक्को, पडतीं तुम. मैंच निकालतूं.” ते चढले, तसबीर छातीशी धरून उतरले आणि पुटपुटले, “मरकू भी इत्ता वजन!”

तसबीर पालथी टेबलावर ठेवली. मागे खाकी कागद चिकटवलेला, त्यावर फ्रेमवाल्याचा जुना शिक्का, कागद कुठंही फाटलेला नाही. हे मी रऊफभाईंकडून मोठ्यानं वदवून घेतलं. कागदाखाली गंजलेले खिळे. एक निघता निघत नव्हता. सगळे निघाल्यावर आधाराचा जाड पुठ्ठा उचलला.

तो पुठ्ठा निळ्या कापडाचा होता. मापाप्रमाणे कापलेला, घड्या सपाट केलेल्या. चिठ्ठी आतल्या अंगाला, मोठ्या मालकांच्या पाठीला लागून. वरचा कोपरा फाटलेला. खाली पाण्याचा डाग.

“इसमें क्या है म्याडम?” रऊफभाईंनी विचारलं.

मी खुर्चीवर बसून रडायला लागले. ते बिचारे तसबिरीकडं बघून म्हणाले, “काच नै फुटी, रोते कायकू?”

आता तुम्ही विचाराल ते मीच विचारते. बनवलेला फोटो असेल का? ॲप रिकामी जागा स्वतःहून भरतं, मग अख्खा फोटोच भरला असेल. रजिस्टरचं पान मी आदल्या आठवड्यात त्याच मोबाइलवर घेतलं होतं, म्हणजे क्रमांक त्याला ठाऊक असू शकतो. अप्पांचे फोटोही मोबाइलमध्ये आहेत, एखाद्यात अंगठा असेल. इथवर मी मानायला तयार आहे. पण चिठ्ठीचा फाटका कोपरा? पाण्याचा डाग? ती चिठ्ठी चाळीस वर्षं एका माणसाच्या तसबिरीमागे, खिळ्यांखाली, भिंतीकडं पाठ करून होती. इतक्या वर्षांत ती कुणीच पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे भावाच्या घरी गेले. अप्पांना आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं जड झालंय पण कळतं. ते तिथंच असतात, भावजय सुनीता सगळं करते. मी चप्पल काढत होते तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून बोलली.

“अक्का, तुम्हाला फोन करणारच व्हते सकाळी. अप्पांचा उजवा हात हलायलता.”

“कधी?”

“अकरा-बारा वाजले असतील. अंगठा असा चादरीवर दाबायलते. दाबायचं, सोडायचं, दाबायचं. मी म्हणलं, अप्पा, काय धरायलाव? तर डोळे मिटलेले. डॉक्टरला फोन लावला तर म्हणला, असं आपोआप व्हतं कधी कधी.”

मी तिला फोटो दाखवला. नुसता, काही न सांगता.

“हा कधी काढला अप्पांचा?” तिनं विचारलं.

छोट्या मालकांना दुसऱ्या दिवशी वेष्टन, रजिस्टर आणि परदेशातली नोंद दाखवली. फोटोबद्दल बोलले नाही. ते आधी तसबीर उतरवल्यावरून रागावले. मग म्हणाले, “आता जुनं कशाला उकरायचं म्याडम? चाळीस वर्षं झाली. कार्यक्रम तोंडावर हाय.”

“रेशमाच्या किड्यांचा कार्यक्रम,” मी म्हणाले.

“किड्यांचा?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. “रेशीम म्हणजे रेशीममार्ग. त्या रस्त्यानंच बुद्ध चीनला गेले. बोर्ड तसाच राहू द्या.”

“राहू द्या. पण पुस्तकांची ओळख मी लिहून द्यायची असेल, तर आधी मला एक पत्र पाहिजे. पुस्तक गहाळ झालं नव्हतं, माझ्या वडिलांनी काही नेलं नव्हतं, असं. संस्थेच्या शिक्क्यासह. नाहीतर मंत्र्यांसमोर माइक माझ्याच हातात असणार आहे.”

“म्याडम, तुम्ही लईच पुढं जायलात.”

“व्हय,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर घरची भाषा पहिल्यांदा तोंडातून आली.

पत्र मिळालं. अकरा नावं, त्यांच्या पदव्या, आणि खाली दोन ओळी. त्या दोन ओळींत संस्थेची चूक झाली असं कुठंही नव्हतं, पण अप्पांचं नाव होतं आणि ‘निर्दोष’ हा शब्द होता. तेवढ्यावर मी गप्प बसले.

अप्पांच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं. वेष्टन, तसबीर, खिळे. पत्र दोनदा वाचून दाखवलं. ते छताकडं बघत ऐकत होते. मला वाटलं रडतील, किंवा हसतील. मोठ्या मालकांना शिवी तरी देतील.

“त्यो पुठ्ठा मीच दिलता,” ते हळूहळू म्हणाले. “कारकून म्हणला, फोटूमागं घालायला जाड काहीतरी दे. रिकामा खोका व्हता. दिला.”

“मग मोजणीच्या वेळी सांगितलं का नाही?”

“पुस्तक इचारलं त्यांनी. खोका कुणी इचारला?”

मी मान खाली घातली. त्यांच्या उजव्या हाताकडं बघवत नव्हतं, म्हणून पत्राची घडी करत बसले. ते पुन्हा बोलले. शब्द जड होते, पण स्पष्ट.

“तू आठवीत असताना माझी ट्रंक उचकलीस. दोनदा. मी कोळारहून आलतो, झोपलो न्हवतो.”

मी पत्राची घडी पुन्हा उलगडली.

“त्यांचं सोड. तू मला कामून इचारलं न्हाईस?”

सुनीता चहा घेऊन आली आणि तो विषय तिथंच राहिला. पत्र अप्पांच्या उशाखाली आहे. सोहळा थाटात झाला, मंत्री आले नाहीत. तसबीर नव्या पुठ्ठ्यावर परत भिंतीला लागली. वेष्टन कपाटात आहे, चौथ्या क्रमांकाखाली. पानांच्या रकान्यातली रेघ मी तशीच ठेवली आहे.

फोटो मी दोन जाणकारांना दाखवला. एक म्हणाला ॲपची गडबड, दुसरा म्हणाला मोबाइल फॉरमॅट करा. इथं कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. अकरा बेचाळीसला तिथं कुणाचा हात होता, याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि बहुतेक मिळणारही नाही.

अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत आहे. ते रोज संध्याकाळी माझ्याकडं बघतात, आणि मी त्यांना पाणी हवं का विचारते.